कॅमेरा-ड्रोन शिकू पाहणाऱ्या नवख्या छायाचित्रकारांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीवरचा कॅमेरा हाताळता येतो, पण ड्रोन कधी उडवलेला नाही, अशा छायाचित्रकारांच्या शंका येथे घेतल्या आहेत. उत्तरे चार प्रोपेलर, जीपीएस आणि गिम्बलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या आधारावर) बसवलेला कॅमेरा असलेल्या सर्वसाधारण ड्रोनला धरून दिली आहेत. गॉगल लावून उडवायचे एफपीव्ही ड्रोन किंवा शर्यतीचे ड्रोन हा वेगळा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

प्रश्न: छायाचित्रण चांगले येत असेल, तर ड्रोन शिकणे सोपे जाते का?

फ्रेम कशी बांधावी, प्रकाश कोठून यावा, एक्स्पोजर कसे ठरवावे हे आधीच ठाऊक असल्याने अर्धे काम झालेले असते, हे खरे. मात्र याच गोष्टीचा सुरुवातीला अडथळाही होतो. छायाचित्रकाराची नजर स्वभावतःच पडद्यावरील चित्राकडे ओढली जाते आणि ज्या क्षणी ती चित्रात गुंतते, त्या क्षणी ड्रोन मागे सरकत एखाद्या फांदीकडे चालला आहे याचे भान सुटते. बहुतेक ड्रोनना समोरचे आणि खालचे दिसते. मागचे व बाजूचे सर्वांना दिसतेच असे नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या काही उड्डाणांत छायाचित्र काढायचेच नाही. मेमरी कार्ड घरी ठेवले तरी चालेल. उडवण्याचे काम बोटांकडे गेले, म्हणजे रिमोटवरील स्टिक कोणत्या दिशेला ढकलायची याचा विचार करावा लागेनासा झाला, की मगच डोके छायाचित्रासाठी मोकळे होते. दोन्ही गोष्टी एकदम शिकू पाहणाऱ्याची दोन्हींकडे ओढाताण होते.

प्रश्न: पहिला ड्रोन निवडताना काय पाहावे?

सर्वांत आधी वजन पाहावे. अनेक देशांच्या नियमांत २५० ग्रॅम ही एक महत्त्वाची सीमा आहे आणि तिच्याखालील ड्रोनवर बंधने तुलनेने कमी असतात. ती अजिबात नसतात असा मात्र याचा अर्थ नाही. हलका ड्रोन पडला तर इजा कमी करतो, पिशवीत मावतो आणि त्यामुळे तो खरोखर बाहेर नेला जातो. त्याची उणी बाजू म्हणजे वाऱ्यात तो लवकर हेलकावे खाऊ लागतो.

त्यानंतर गिम्बल पाहावा. तीन अक्षांवर फिरणारा यांत्रिक गिम्बल असेल तर ड्रोन झुकला तरी कॅमेरा समपातळीत राहतो. स्वस्त ड्रोनमध्ये गिम्बलऐवजी केवळ सॉफ्टवेअरने चित्र स्थिर करण्याची सोय असते आणि तिच्यावर छायाचित्रकाराचे समाधान सहसा होत नाही. सेन्सरच्या बाबतीत जमिनीवरच्या कॅमेऱ्यांचाच नियम येथेही लागू होतो, म्हणजे आकार मोठा असेल तर सावलीतील तपशील आणि कमी प्रकाशातील स्वच्छता चांगली मिळते. तथाकथित एक इंची सेन्सर प्रत्यक्षात सुमारे १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो, तर पूर्ण फ्रेमचा ३६ × २४ मिलिमीटरचा. यावरून अपेक्षा किती ठेवाव्यात याचा अंदाज येतो. रॉ फाइल आणि पूर्णपणे हाताने ठरवता येणारे एक्स्पोजर या दोन सोयी नसतील, तर तो ड्रोन छायाचित्रकाराने घेऊ नये. किती के व्हिडिओ निघतो, हातवारे करून सेल्फी काढता येतो का, या जाहिरातीतील मुद्द्यांना निवडीत फारसे स्थान देण्याचे कारण नाही. त्या पैशांतून जादा बॅटऱ्या घ्याव्यात. एका बॅटरीत सराव होत नाही. ड्रोन वर जाऊन जरा कुठे हात बसू लागतो, तोच परतायची वेळ होते.

प्रश्न: ड्रोन हवेत स्थिर कसा राहतो? हे समजून घेणे गरजेचे आहे का?

थोडेसे समजून घेतलेले बरे, कारण मग त्याचे वागणे अनाकलनीय वाटत नाही. चारांपैकी कर्णरेषेत समोरासमोर येणाऱ्या कोपऱ्यांतील दोन प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि उरलेले दोन उलट दिशेने फिरतात, त्यामुळे यंत्राला गरगर फिरवू पाहणारे बल एकमेकांना छेद देऊन संपते. एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला की ड्रोन जागेवर वळतो. मागच्या दोघांचा वेग वाढवला की तो पुढे झुकतो आणि पुढे जातो. प्रोपेलर दोन प्रकारचे असतात आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही, तो याच कारणाने. चुकीच्या जागी बसवलेला प्रोपेलर असेल तर ड्रोन जमिनीवरून उठतानाच उलटतो.

एका जागी टिकून राहण्यासाठी त्याला जीपीएस, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर, होकायंत्र, झुकाव मोजणारे जायरोस्कोप व ॲक्सेलरोमीटर आणि जमिनीकडे पाहणारे सेन्सर यांचा आधार असतो. यांतील जीपीएस आणि खालचे सेन्सर दोन्ही निकामी ठरले, जसे की दाट झाडीखाली अंधारात, तर ड्रोन समपातळी राखतो पण जागा राखत नाही आणि वाऱ्याबरोबर वाहू लागतो. हा बिघाड नसतो. अशा वेळी ज्याच्या बोटांना हाताने उडवण्याची सवय आहे, तो शांतपणे त्याला मोकळ्या जागेत आणतो.

प्रश्न: रिमोटच्या दोन स्टिक नेमके काय करतात?

सर्वाधिक प्रचलित असलेल्या मोड २ मध्ये डावी स्टिक वर-खाली केल्यास ड्रोनची उंची बदलते आणि डावी-उजवीकडे केल्यास तो जागच्या जागी वळतो. उजवी स्टिक वर-खाली केल्यास तो पुढे-मागे जातो आणि डावी-उजवीकडे केल्यास तोंड न वळवता बाजूला सरकतो. दोन्ही स्टिक सोडून दिल्या की जीपीएस असलेला ड्रोन थांबून जागेवर तरंगतो. नवशिक्यासाठी हे पहिले आणि सर्वांत मोलाचे ज्ञान आहे: गोंधळ उडाला की स्टिक सोडाव्यात. घाबरून स्टिक कोठेतरी ढकलल्याने जितके ड्रोन आपटतात, तितके यंत्रातील दोषाने आपटत नसावेत.

प्रश्न: ड्रोनचे तोंड माझ्याकडे असले की डावे-उजवे उलटे का होते आणि त्यावर उपाय काय?

रिमोटला डावे-उजवे कळते ते ड्रोनच्या दृष्टीने, उडवणाऱ्याच्या नव्हे. ड्रोन समोर तोंड करून उभा असेल, तर त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. पाठमोरा उडवताना हे जाणवत नाही. परतताना जाणवते आणि परतीच्या वेळी बॅटरीही उतरलेली असते, म्हणून अडचण दुप्पट होते.

यावर एक तात्पुरती युक्ती आहे. ड्रोन आपल्याकडे येत असताना ज्या बाजूला तो नकोसा कलू लागला आहे, त्या बाजूला उजवी स्टिक ढकलावी. उतरत्या बाजूला आधार दिल्यासारखे होते आणि ड्रोन सरळ होतो. परंतु खरा उपाय सरावाचाच. ॲपमधील नकाशावर ड्रोनचे तोंड कोणीकडे आहे हे दाखवणारा बाण असतो, तोही पाहायची सवय करावी. शंभर मीटर पलीकडे गेलेल्या छोट्या ड्रोनचा नुसता ठिपका दिसतो आणि त्याचे तोंड डोळ्यांना ओळखता येत नाही.

प्रश्न: सराव कोणत्या क्रमाने करावा?

मोकळे, गवताळ, माणसे व तारा नसलेले मैदान आणि वारा नसलेली सकाळ निवडावी. पहिल्या उड्डाणात डोळ्यांच्या उंचीच्या किंचित वर, सुमारे दोन-तीन मीटरवर ड्रोन धरून ठेवावा आणि एका वेळी एकच स्टिक एकाच दिशेने, अगदी थोडी हलवून काय होते ते पाहावे. हे कंटाळवाणे वाटते, पण बोटांना स्टिकची पहिली ओळख येथेच होते. मग ड्रोनचे तोंड सतत पलीकडे ठेवून जमिनीवर कल्पिलेल्या चौकोनाच्या चारही बाजूंवरून फिरवावा. तो जमला की तोच चौकोन प्रत्येक कोपऱ्यावर वळून, म्हणजे नेहमी पुढे तोंड करून काढावा. त्यानंतर ड्रोनचे तोंड स्वतःकडे ठेवून तो एका जागी धरून ठेवण्याचा आणि हळू डावी-उजवीकडे नेण्याचा सराव करावा. हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो आणि बहुतेक जण तो गाळतात.

पुढचा टप्पा दोन खुणांभोवती इंग्रजी आठाच्या आकारात फिरण्याचा. आठ काढताना वळणे दोन्ही दिशांची येतात, तोंड कधी पलीकडे तर कधी आपल्याकडे येते, आणि दोन्ही स्टिक एकाच वेळी वापराव्या लागतात, त्यामुळे आतापर्यंतचे सगळे शिक्षण त्यात तपासले जाते. गुळगुळीत, एकसारख्या वेगाचा आठ दोन्ही दिशांनी काढता आला की व्हिडिओसाठी लागणारा हात तयार होऊ लागला असे समजावे. शेवटचा टप्पा एखाद्या झाडाभोवती किंवा खांबाभोवती वर्तुळ काढण्याचा, आणि तोही स्वयंचलित मोड न वापरता. उजवी स्टिक एका बाजूला आणि डावी स्टिक विरुद्ध बाजूला हलकीशी दाबून ठेवली की ड्रोन बाजूला सरकत असतानाच आत वळत राहतो आणि विषय फ्रेमच्या मधोमध टिकतो. दोन बोटांच्या दाबातील प्रमाण चुकले की वर्तुळ फुगते किंवा आक्रसते. ते प्रमाण कोणाला सांगून शिकवता येत नाही, वेगानुसार आणि अंतरानुसार ते बदलते.

दर वेळी उतरवणेही स्टिक वापरून स्वतःच करावे. स्वयंचलित लँडिंगची सोय अडीअडचणीसाठी राखून ठेवावी.

प्रश्न: सिम्युलेटरने फायदा होतो का?

होतो, विशेषतः तोंड उलटे असतानाच्या सरावासाठी, कारण तेथे आपटण्याची भीती नसते. खरा रिमोट जोडता येत असेल तरच वेळ घालवावा. कीबोर्डवर केलेल्या सरावाचा बोटांना उपयोग नाही.

प्रश्न: उड्डाणापूर्वी काय तपासावे?

फर्मवेअर (ड्रोनमधील सॉफ्टवेअर) आणि ॲपचे अपडेट घरीच करून ठेवावे, मैदानावर कधीही नाही. जागेवर पोहोचल्यावर प्रथम वर पाहावे, खाली नंतर: विजेच्या तारा, फांद्या, पतंग. तारा कॅमेऱ्यात दिसत नाहीत आणि अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरनाही बारीक तारा बहुधा दिसत नाहीत, म्हणून उभे खांब शोधून त्यांच्यामध्ये तार असणारच असे गृहीत धरावे. मग गिम्बलचे आवरण काढावे. ते तसेच ठेवून ड्रोन सुरू केला तर गिम्बलच्या नाजूक मोटरवर ताण येतो. प्रत्येक प्रोपेलरच्या कडेवरून बोट फिरवून चीर किंवा खाच आहे का ते पाहावे आणि असल्यास तो बदलावा; अशा प्रोपेलरने कंपन वाढते आणि व्हिडिओत पाण्यासारखी थरथर दिसते. बॅटरी खट्‌कन आवाज येईपर्यंत बसली आहे याची खात्री करावी.

सुरू केल्यावर पुरेसे उपग्रह सापडून ॲपने होम पॉइंट, म्हणजे परतीची जागा, नोंदवल्याचे सांगेपर्यंत थांबावे. जमिनीपासून वर गेल्यावर लगेच पुढे पळू नये, तर दोन-तीन मीटरवर अर्धा-एक मिनिट तरंगत ठेवून आवाज ऐकावा, स्टिकना प्रतिसाद पाहावा. काही बिघडलेले असेल तर ते येथेच कळते आणि येथून पडल्यास नुकसानही थोडे होते.

प्रश्न: प्रत्येक उड्डाणापूर्वी होकायंत्र कॅलिब्रेट करावे (नव्याने जुळवून घ्यावे) का?

नाही. ॲपने सांगितले तरच करावे आणि तेही मोकळ्या मातीवर. वाहनाच्या छतावर, लोखंडी झाकणाजवळ किंवा सळ्या घातलेल्या काँक्रीटवर केलेले कॅलिब्रेशन हे न करण्यापेक्षा वाईट. अशा जागेवरून उड्डाणच टाळावे.

प्रश्न: रिटर्न टू होम बटणावर विसंबून राहता येते का?

ती उत्तम सोय आहे, पण ती काय करते हे नीट माहीत असले तरच. साधारणपणे ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत चढतो, मग होम पॉइंटकडे सरळ रेषेत येतो आणि वरून खाली उतरतो. या तीनही पायऱ्यांत धोके दडलेले आहेत. परिसरातील सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा ही उंची कमी ठेवलेली असेल, तर ड्रोन सरळ त्यावर जाऊन आदळू शकतो. म्हणून प्रत्येक नव्या जागी ती नव्याने ठरवावी. ड्रोन पुलाखाली किंवा फांद्यांखाली असताना बटण दाबले अथवा सिग्नल तुटला, तर तो चढू लागेल आणि वरच्या वस्तूला धडकेल. अशा जागी जायचेच असेल तर सिग्नल तुटल्यास ‘जागेवर थांब’ हा पर्याय आधी निवडावा. आणि होम पॉइंट म्हणजे तुम्ही नव्हे, तर जेथून ड्रोन उडाला ती जागा. चालत्या होडीतून ड्रोन उडवला, तर तो परत येऊन जेथे होडी होती त्या पाण्यात शांतपणे उतरेल.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. ॲपमध्ये दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नव्हे. टेकडीच्या पायथ्याहून उडून चढणीकडे गेलेल्या ड्रोनची पडद्यावरील उंची ६० मीटर असली, तरी त्याखालची जमीन ५० मीटर वर आलेली असू शकते आणि तेथील झाडे दहा मीटरहून उंच असू शकतात. उलट टेकडीच्या माथ्यावरून दरीत उतरताना उंची उणे दिसते, त्याने गोंधळू नये.

बटण दाबल्यावरही रिमोट हातातून ठेवू नये. ड्रोन दिसू लागला की परतीची आज्ञा रद्द करून तो स्वतः उतरवावा.

प्रश्न: किती वाऱ्यात उडवावे?

उत्पादक जी कमाल मर्यादा देतात, तिच्या निम्म्यापर्यंतचा वारा नवशिक्याने पुरेसा मानावा. लहान ड्रोनसाठी ही मर्यादा बहुधा १० मीटर प्रति सेकंदाच्या, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास असते. जमिनीवर झुळूक वाटणारा वारा शंभर मीटरवर बराच जोरदार असू शकतो, कारण झाडे-इमारतींचा अडसर तेथे नसतो.

वाऱ्याचा खरा हिशोब परतीचा असतो. समजा, हवेच्या तुलनेत ड्रोनचा वेग १० मीटर प्रति सेकंद आहे आणि वारा ६ मीटर प्रति सेकंदाचा. वाऱ्याविरुद्ध परतताना जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग केवळ ४ मीटर उरतो. वारा नसता तर एक किलोमीटर यायला १०० सेकंद लागले असते, ते आता २५० लागतील, आणि मोटरही अधिक वीज खातील. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. तरीही वाऱ्यात अडकल्यास उंची कमी करावी, कारण खाली वारा मंद असतो, आणि स्पोर्ट मोड, म्हणजे सर्वांत वेगाचा मोड, लावून यावे. स्पोर्ट मोडमध्ये अडथळे ओळखणारे सेन्सर बहुतेक ड्रोनमध्ये बंद होतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न: ड्रोन सरळ खाली आणताना डळमळतो, ते का?

स्वतःच्याच प्रोपेलरनी खाली ढकललेल्या हवेत तो उतरत असतो. वेगाने सरळ खाली आणल्यास ती हवा पात्यांभोवती गोल फिरू लागते आणि उचल घटते. हळू उतरवावे, किंवा उतरताना थोडे पुढे सरकत राहावे म्हणजे त्याला ताजी हवा मिळते.

प्रश्न: बॅटरीची काळजी कशी घ्यावी?

खोक्यावर ३० मिनिटे लिहिलेली असतील तर ती वारा नसताना, नव्या बॅटरीवर आणि जवळजवळ पूर्ण रिकामी होईपर्यंत मोजलेली असतात. कामाची मिनिटे त्याहून बरीच कमी धरावीत. ३० टक्के उरले असताना ड्रोन परतीला लागलेला असावा, हा नियम मनाशी पक्का करावा आणि सुंदर प्रकाशासाठीही तो मोडू नये. सूर्यास्ताच्या वेळी हा मोह सर्वांत जास्त होतो.

या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांतील प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्टचा असतो आणि काहींत त्याहून किंचित जास्त. पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ ठेवल्याने त्यांचे आयुष्य घटते. आठवडाभराहून अधिक काळ वापरायच्या नसतील तर ५०-६० टक्क्यांवर, थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. उड्डाणानंतर गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नये, आणि चार्जिंग चालू ठेवून झोपू किंवा बाहेर जाऊ नये. थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने घटते व टक्के अचानक कोसळतात, म्हणून उड्डाणापर्यंत ती अंगाजवळच्या खिशात उबदार ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये. तिच्यात आगीचा धोका असतो. ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावी.

विमान प्रवासात जादा बॅटऱ्या सामानात न देता हातातल्या पिशवीतून, टोके झाकून न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी संमती लागत नाही, तरी विमान कंपनीचे नियम आधी पाहून घ्यावेत.

प्रश्न: चांगल्या छायाचित्रासाठी किती उंचीवर जावे?

बहुतेकांना वाटते त्याहून बरेच कमी. नवा ड्रोन हाती आला की प्रत्येक जण परवानगी असेल तेथवर वर जातो आणि खाली पसरलेला नकाशा पाहून हरखतो. परंतु तो हर्ष वर असण्याचा असतो, चित्रातला नसतो, आणि घरी पडद्यावर पाहिल्यावर ते चित्र सपाट वाटते. याचे कारण गणितात मांडता येते. बहुतेक ड्रोनची लेन्स पूर्ण फ्रेमच्या हिशोबाने सुमारे २४ मिलिमीटरची, म्हणजे बरीच रुंद असते. सरळ खाली पाहताना तिच्यात मावणाऱ्या जमिनीची रुंदी उंचीच्या साधारण दीडपट येते. शंभर मीटरवरून १५० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, आणि छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलमध्ये जवळपास ४ सेंटिमीटर जमीन येते. अर्ध्या मीटर रुंदीच्या खांद्यांचा माणूस मग १३ पिक्सेलांचा ठिपका होतो. तोच २० मीटरवरून सुमारे ६५ पिक्सेलांचा होतो, त्याची चाल ओळखता येते, सावली बोलू लागते.

खाली राहिल्याने आणखी एक गोष्ट मिळते. जवळचे झाड, मधला रस्ता आणि दूरची टेकडी यांच्या आकारांतील फरक टिकून राहतो, त्यामुळे खोली जाणवते. वर गेल्यावर सगळेच सारख्याच दूर जाते. १० ते ४० मीटर हा पट्टा माझ्या मते सर्वांत फलदायी आहे: शिडीने गाठता येत नाही आणि विमानातून दिसत नाही, अशी ती जागा आहे. विषय पाहून आधी खालची फ्रेम घ्यावी, मग दहा-दहा मीटर चढत प्रत्येक ठिकाणी एक चित्र घेऊन घरी तुलना करावी. काही विषयांना, जसे की नदीचे वळण किंवा शेतांची जोडणी, खरोखरच उंची लागते. ते अपवाद अशा तुलनेतूनच कळतात.

प्रश्न: कॅमेरा सरळ खाली ठेवावा की तिरका?

दोन्ही वेगळ्या जातीची चित्रे आहेत. सरळ खाली पाहिल्यावर क्षितिज नाहीसे होते आणि उरतात ते आकार, रेषा व सावल्या. त्यामुळे विषय निवडताना तो ‘काय आहे’ यापेक्षा ‘कसा दिसतो’ याला महत्त्व द्यावे लागते. वाळत घातलेले कपडे, होड्यांची रांग, भरतीच्या रेषा असे विषय येथे फुलतात, तर उंच मनोरा नुसता चौकोन होतो.

तिरक्या कोनात जागेची ओळख टिकते. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ फुग्यातून पहिले हवाई छायाचित्र घेतले, ते आज उपलब्ध नाही. टिकून राहिलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १८६० मध्ये फुग्यातूनच घेतलेले बॉस्टन शहराचे आहे. ते तिरक्या कोनातून घेतलेले असल्याने त्यात घरांच्या भिंती आणि रस्त्यांच्या रेषा एकत्र दिसतात. नवशिक्याने तिरका कोन वापरताना एक निर्णय स्पष्टपणे घ्यावा: क्षितिज फ्रेममध्ये ठेवायचे की पूर्ण वगळायचे. वरच्या कडेला उरलेली आकाशाची निरर्थक पट्टी हा या चित्रांतील सर्वांत नेहमीचा दोष आहे. क्षितिज तिरके आले असेल तर ड्रोन सपाट जागी ठेवून ॲपमधून गिम्बल कॅलिब्रेट करावा.

प्रश्न: स्थिर छायाचित्रांसाठी कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवावीत?

रॉ फाइल, आयएसओ १०० किंवा जे किमान असेल ते, आणि शटर स्पीड हाताने ठरवलेला. अनेक ड्रोनमध्ये ॲपर्चर कायमचे ठरलेले असते, त्यामुळे एक्स्पोजर शटर आणि आयएसओ यांवरच ठरते. बदलता येत असेल तर लहान सेन्सरवर एफ/८ च्या पुढे जाण्याने चित्र उलट मऊ होते. दिवसा १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावा. वारा शांत असताना संध्याकाळी गिम्बलच्या भरवशावर अर्ध्या सेकंदापर्यंतही जाता येते. अशा वेळी एकापाठोपाठ बरीच चित्रे घ्यावीत, त्यांतली काही स्पष्ट निघतात.

उन्हात रिमोटच्या पडद्यावर एक्स्पोजरचा अंदाज येत नाही, म्हणून हिस्टोग्राम लावून ठेवावा आणि आकाश जळू नये इतके एक्स्पोजर कमी करावे. लहान सेन्सर सावल्यांतून काही परत देतो, जळालेल्या पांढऱ्यातून काहीच देत नाही. क्षितिजासह चित्र असेल तर तीन किंवा पाच एक्स्पोजरचे ब्रॅकेटिंग वापरून नंतर जोडावे. अधिक तपशील हवा असेल तर ड्रोन जागेवर वळवून, एक-तृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशी चित्रे घेऊन पॅनोरामा जोडावा. त्यासाठी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही बांधून ठेवावे लागतात.

प्रश्न: एनडी फिल्टर (लेन्समध्ये शिरणारा प्रकाश कमी करणारी करडी काच) कधी लागतो?

व्हिडिओसाठी. हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर स्पीड फ्रेमच्या गतीच्या दुपटीजवळ, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमसाठी १/५० ठेवतात. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला योग्य शटर साधारण १/३२०० येतो. तेथून १/५० पर्यंत यायला सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागतो आणि एनडी६४ तेवढाच अडवतो. ढगाळ दिवशी एनडी१६ पुरतो. फिल्टर ड्रोन सुरू करण्यापूर्वीच, हलक्या हाताने चढवावा.

प्रश्न: पोलरायझर वापरावा का?

पाण्यावरची चकाकी घालवायला तो उपयोगी पडतो. मात्र तो जमिनीवरच फिरवून बसवावा लागतो आणि ड्रोन वळला की त्याचा परिणाम बदलतो. रुंद लेन्समुळे आकाशही एका बाजूला गडद, दुसरीकडे फिके येऊ शकते. आकाश वगळलेल्या चित्रांपुरता तो ठेवावा.

प्रश्न: हवाई छायाचित्रासाठी कोणती वेळ चांगली?

वरून पाहताना वस्तूची उंची जवळपास दिसतच नाही. ती सावलीवरूनच कळते. म्हणून सूर्य खाली असतानाचा पहिला आणि शेवटचा तास येथे जमिनीवरच्या छायाचित्रणापेक्षाही अधिक कामाचा ठरतो. सकाळी वाराही सहसा कमी असतो, शिवाय माणसे कमी असतात. भरदुपार अगदीच टाकाऊ नाही: उथळ पाण्याचा तळ आणि त्याचे रंग सूर्य डोक्यावर असतानाच सर्वांत स्वच्छ दिसतात. सूर्याच्या दिशेने उडताना कधी प्रोपेलरच्या सावल्या लेन्सवर पडून व्हिडिओत पट्टे चमकतात. कॅमेरा थोडा खाली झुकवल्यास ते जातात.

प्रश्न: पाण्यावरून उडवणे सुरक्षित आहे का?

खालचे सेन्सर हलणाऱ्या लाटांना जमीन समजून फसतात आणि ड्रोन सरकू किंवा खाली येऊ लागतो. पाण्यापासून किमान चार-पाच मीटर उंची ठेवावी, परतीची बॅटरी अधिक राखावी आणि खाऱ्या तुषारांपासून दूर राहावे. पांढऱ्याशुभ्र बर्फावर आणि अंधारातही हे सेन्सर असेच गोंधळतात.

प्रश्न: पक्षी मागे लागले तर?

जागा सोडावी. शिकारी पक्षी बहुधा वरून झेप घेतात, म्हणून शक्य असेल तर वर चढत दूर जावे आणि नंतर लांबून उतरवावे. घरट्यांच्या काळात कडे-कपाऱ्यांजवळ ड्रोन नेऊच नये. चित्रापायी अंडी उघडी पडतात.

प्रश्न: परवानग्या आणि खासगीपणाबाबत काय पाळावे?

नियम देशागणिक वेगळे आहेत, वारंवार बदलतात, आणि शेवटचा शब्द त्या त्या देशाच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेचा असतो. तिच्या संकेतस्थळावरील नकाशा पाहूनच जागा ठरवावी. तरी काही गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या आढळतात. उंचीची मर्यादा जमिनीपासून १२० मीटर किंवा ४०० फूट, ड्रोन नुसत्या डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर ठेवणे, विमानतळ व लष्करी ठिकाणांपासून दूर राहणे, गर्दीवरून न उडवणे आणि आपत्तीच्या जागी बचावकार्याच्या आड न येणे. ड्रोनच्या ॲपने उड्डाण करू दिले, एवढ्याने ते कायदेशीर ठरत नाही.

खासगीपणाची बाब कायद्यापुरती ठेवू नये. ड्रोनच्या आवाजाने लोक अस्वस्थ होतात आणि तो आपल्यालाच पाहत आहे असे प्रत्येकाला वाटते. आजूबाजूच्यांना आधी सांगावे, पडदा दाखवावा. बहुतेक वेळा तक्रारीची जागा कुतूहल घेते. खिडक्या, अंगणे आणि ओळखू येणारे चेहरे यांच्यापासून कॅमेरा वळवून ठेवावा.

प्रश्न: ड्रोनवरील व्हिडिओचे चित्र पडद्यावरून अचानक गेले तर काय करावे?

स्टिक सोडाव्यात आणि रिमोटचा अँटेना नीट धरला आहे का ते पाहावे. चपट्या अँटेनाची रुंद बाजू ड्रोनकडे असावी, टोक नव्हे. चित्र गेले म्हणजे नियंत्रण गेले असे नाही. पुष्कळदा केवळ फोनमधील ॲप बंद पडलेले असते. ड्रोन नजरेत असेल तर त्याकडे पाहूनच तो परत आणावा, नसेल तर रिमोटवरील परतीचे बटण दाबावे. तुमच्या आणि ड्रोनच्या मध्ये इमारत किंवा टेकडी आली असेल तर दोन पावले बाजूला सरकल्यानेही संपर्क परत मिळतो.

प्रश्न: ड्रोन आपटल्यावर लगेच पुन्हा उडवावा का?

नाही. मोटर अजून फिरत असतील तर आधी रिमोटवरून त्या बंद कराव्यात, मगच हात लावावा. ड्रोन दिसत नसेल तर ॲपमध्ये त्याची शेवटची जागा नोंदलेली असते आणि बॅटरी जोडलेली असेल तर बहुतेक ॲपमधून तो बीप आवाज करायला लावता येतो. सापडल्यावर बॅटरी काढून ती दबली किंवा फुगली आहे का हे मोकळ्या जागी काही वेळ ठेवून पाहावे. पाण्यात पडला असेल, विशेषतः खाऱ्या, तर वाळला म्हणून सुरू करून पाहू नये, दुरुस्तीलाच द्यावा. बाकी ठिकाणी चारही प्रोपेलर बदलावेत, कारण बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, प्रत्येक मोटर बोटाने फिरवून खरखर जाणवते का हे तपासावे, बाह्यांच्या बिजागऱ्या आणि गिम्बलचे रबरी आधार पाहावेत, आणि मग प्रोपेलरशिवाय ड्रोन सुरू करून गिम्बल सरळ उभा राहतो का हे बघावे. सर्व ठीक असेल तर गवतावर, दोन मीटर उंचीवर, एका बॅटरीभर फक्त तरंगत ठेवावा.